टाळेबंदीचं वर्ष, नगरपरिषदेचा सुधारित अर्थसंकल्प आणि फेरीवाल्यांची यादी: प्रकल्प नोंदी

नगरपरिषद ब वर्गाची, म्हणजे लोकसंख्या ४० हजार ते १ लाखाच्या मधली. लेखा, करवसुली, पाणीपुरवठा आणि शहरी उपजीविका अभियान या चार टेबलांवरच्या नोंदी इथे एकत्र केल्या आहेत. गाव, बँका आणि ठेकेदार यांची नावं गाळली. दुसऱ्या नगरपरिषदेत हेच काम हाती घेणाऱ्याचे दिवस वाचावेत म्हणून चुका होत्या तशाच ठेवल्या आहेत.

नोंद १. मे २०२०, दुसरा आठवडा: शिल्लक मोजणे

४ मे रोजी राज्याच्या वित्त विभागाचा शासन निर्णय आला: २०२०-२१ मध्ये तरतुदीच्या ३३ टक्केच निधी, नवीन कामं नाहीत, आरोग्य सोडून नवी भरती नाही. आम्ही तोच ३३ टक्क्यांचा आकडा उचलून स्वतःच्या अर्थसंकल्पातल्या प्रत्येक लेखाशीर्षाला लावला. तक्ता दीड दिवसात तयार झाला आणि तिसऱ्या दिवशी फाडावा लागला. निवृत्तिवेतन ३३ टक्के होत नाही, पाणीपुरवठ्याचं वीजबिल होत नाही, घंटागाडीचं डिझेलही होत नाही. राज्याच्या निधीवरची मर्यादा आणि स्वतःच्या उत्पन्नातली कपात यांचे हिशेब वेगळे आहेत. पहिली मर्यादा अनुदानातल्या कामांना लागते. दुसरी कपात कुठे आणि किती करायची, ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

मग बँकेकडे वळलो. सगळ्या खात्यांची बेरीज पाहिल्यावर सभेत 'पैसे तर आहेत की' असं कोणीतरी म्हणतंच. त्या बेरजेतून या क्रमाने वजा करत गेलो:

- योजनानिहाय अनुदानं. खातं आपलं असलं तरी पैसा त्या योजनेचाच.
- ठेकेदारांच्या सुरक्षा व इसारा अनामती. दोषदायित्व कालावधी (कामात दोष निघाला तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) संपला की परत मागायला येतात.
- कापून ठेवलेल्या, अजून न भरलेल्या रकमा: आयकर, २ टक्के जीएसटी टीडीएस, १ टक्का कामगार कल्याण उपकर, अंशदायी निवृत्तिवेतन.
- मालमत्ता करासोबत वसूल झालेला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. तो शासनाचा आहे, कोषागारात भरायचा.

शेवटची ओळ पहिल्या फेरीत राहून गेली. करवसुलीची किर्द एकरकमी लिहिली जात होती आणि हे दोन्ही कर त्यात मिसळले होते. मागणी रजिस्टरवरून प्रमाण काढून ते वेगळे करायला दोन लिपिकांचे चार दिवस गेले. सगळं वजा झाल्यावर जे उरलं, त्यात आस्थापनेचे (पगार-भत्त्यांचे) दोन महिनेही पुरते निघत नव्हते. पुढचं सगळं काम त्या आकड्यावर उभं आहे. कात्री लावायच्या आधी हा आकडा काढा.

नोंद २. मे अखेर: महिनावार येणे

वार्षिक अर्थसंकल्पात सगळं जुळतं, कारण त्यात महिना नसतो. म्हणून साधी स्प्रेडशीट केली: बारा रकाने, डावीकडे येण्याचे स्रोत आणि प्रत्येकासमोर 'पैसा खरोखर कधी येतो' तो महिना.

मालमत्ता कराची निम्म्याहून अधिक वसुली जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि त्यातही मार्चचा शेवटचा पंधरवडा सर्वांत जड. टाळेबंदी नेमकी त्याच पंधरवड्यात लागली. त्यामुळे २०१९-२० ची तूट थकबाकी होऊन नव्या वर्षात आली. कागदावर ती 'येणे' दिसते आणि अर्थसंकल्प फुगवते. थकबाकीची वसुली गेल्या तीन वर्षांच्या सरासरीने धरली, तीही फक्त डिसेंबरनंतर.

बाजार बैठक फीचा वार्षिक ठेका: आठवडी बाजार बंद, म्हणजे फीही बंद. ठेकेदाराने सूट मागितली. करारात 'नैसर्गिक आपत्ती' हा शब्द होता, महामारी नव्हता. बाजार प्रत्यक्ष किती दिवस बंद राहिला याची आदेशांवरून तारीखवार यादी केली, तेवढ्याच दिवसांची प्रमाणशीर सूट प्रस्तावित केली आणि प्रस्ताव सभेपुढे ठेवला. तोंडी 'बघू' म्हणून सोडला असता तर पुढच्या लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला होता.

गाळेभाडं: माफीचा अर्ज प्रत्येक गाळेधारकाचा आला. मागणी कायम ठेवली, हप्ते दिले, वसुलीची सक्ती थांबवली. माफी आपल्या पातळीवर परस्पर करायची गोष्ट नाही.

मुद्रांक शुल्कासोबत घेतल्या जाणाऱ्या १ टक्का अधिभाराचा वाटा कधी येईल सांगता येत नाही. तो शून्य धरला. आला तर बोनस.

नोंद ३. जून: काय कापलं आणि काय कापायला नको होतं

कामांच्या तीन चळती केल्या. कार्यादेश दिलेली आणि सुरू असलेली, कार्यादेश दिलेली पण सुरू न झालेली, आणि नुसती तांत्रिक मान्यता झालेली. तिसरी चळत पूर्ण थांबवली. दुसरीतल्या ठेकेदारांना पत्रं देऊन मुदत वाढवून घेतली, दंड नाही, भाववाढही नाही. बहुतेकांनी लगेच सही केली, कारण मजूर गावी गेले होते आणि त्यांनाही वेळच हवा होता.

सर्वांत सोपी कपात रस्त्यावरच्या जंतुनाशक फवारणीची निघाली. टँकर, डिझेल, सोडियम हायपोक्लोराइट आणि माणसं असा रोजचा खर्च होता. मोकळ्या जागेत फवारणीची शिफारस नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने मेमध्येच सांगितलं होतं, कारण धूळ आणि कचऱ्यात क्लोरीन निकामी होतं. तरीही टँकर दिसला नाही की नगरसेवकांचे फोन यायचे. मधला मार्ग काढला: टँकर बंद, हातपंप फक्त सार्वजनिक शौचालयं, कड्या, नळ आणि रेशन दुकानांच्या कठड्यांसाठी. १ टक्का द्रावणासाठी ३३ टक्के क्लोरीनची ब्लिचिंग पावडर लिटरला ३० ग्रॅम. जुनी, ओल लागलेली गोणी असेल तर हे प्रमाण चालत नाही. गोणीला ओल लागली की क्लोरीन उडून जातं, म्हणून आधी ताकद तपासा.

आता चुकीची कपात. नालेसफाईत गाळ काढणं आणि गाळ उचलून नेणं अशी दोन कामं असतात. वाहतुकीचा खर्च वाचवायचा म्हणून दुसरं काम पुढे ढकललं. पोकलेनने काढलेला गाळ नाल्याच्या काठावर वाळत पडला. जुलैच्या पहिल्या जोरदार पावसात तोच गाळ, त्यातल्या प्लॅस्टिकसह, परत नाल्यात उतरला आणि भाजी मंडईमागच्या पुलाच्या मोरीत अडकला. पाणी मंडईत शिरलं. पोकलेन पुन्हा आणावं लागलं, डंपर लागलेच, वर दोन दिवस पंपाचं भाडं. वाचवलेल्या वाहतूक खर्चाच्या दुपटीहून जास्त गेले. एका कामाचा अर्धा भाग कापू नका. कापायचं तर अख्खं काम कापा, नाहीतर हात लावू नका.

नोंद ४. जुलै: पंपगृहाचं वीजबिल

एप्रिलपासूनची बिलं पाणी तेवढंच उपसून वाढलेली दिसली. आधी वाटलं मीटर बिघडलं. तक्रार अर्जात आठ दिवस गेले. कारण वेगळं होतं: १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केडब्ल्यूएचऐवजी (प्रत्यक्ष कामी आलेली वीज) केव्हीएएचवर (ओढलेली एकूण वीज) सुरू झालं होतं. म्हणजे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला कामी येणारा हिस्सा) खराब असेल तर त्याचा भुर्दंड थेट युनिटमध्येच. ०.८० पॉवर फॅक्टरला १०० युनिट वापरले की १२५ मोजले जातात, ०.९८ ला १०२.

पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर लावतात. किती लागेल त्याचा हिशेब असा: भार किलोवॅटमध्ये × ०.५४७ (०.८० वरून ०.९८ वर नेताना). ४५ किलोवॅटला साधारण २५ केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक). जुन्या पॅनेलमध्ये कपॅसिटर होतेच, पण निम्मे मेलेले. फुगलेला डबा डोळ्यांना दिसतो, बाकीच्यांना क्लॅम्प मीटर लावून करंट बघावा लागतो.

नवे बसवले आणि पहिल्याच महिन्यात अपेक्षेच्या निम्मीही बचत दिसली नाही. कपॅसिटर मुख्य बसबारवर (पॅनेलमधली सगळ्यांना वीज वाटणारी पट्टी) कायमचे जोडले गेले होते. पंप बंद असताना रात्रभर तेच चालू, पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला, आणि केव्हीएएच मीटर तेही मोजतं. प्रत्येक पंपाच्या स्टार्टरला इंटरलॉक केलेला वेगळा कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) दिला: पंप चालू तर कपॅसिटर चालू. मध्ये किमान १ मिनिटाचा टायमर ठेवा. वीज जाऊन लगेच आली तर कपॅसिटरमधला विद्युतभार उतरलेला नसतो आणि कॉन्टॅक्टरची टोकं चिकटतात. आमचा एक असाच गेला.

हे काम अर्थसंकल्पाच्या टेबलावर कुणाला सुचलं नव्हतं. बिलामागचं पान वाचलं म्हणून सापडलं.

नोंद ५. जुलै–ऑगस्ट: फेरीवाल्यांची यादी

फेरीवाल्यांना कर्ज देणारी पंतप्रधान स्वनिधी योजना १ जूनला जाहीर झाली. तेव्हाच्या नियमांनुसार ₹१०,००० खेळतं भांडवल, तारण नाही, परतफेड एका वर्षात, वेळेवर भरलं तर व्याजात ७ टक्के अनुदान. अट तेव्हा अशी होती की विक्रेता २४ मार्च २०२० रोजी किंवा त्याआधीपासून शहरात धंदा करत असला पाहिजे. चार गट: अ म्हणजे प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र असलेले, ब म्हणजे सर्वेक्षणात नाव पण प्रमाणपत्र नाही, क म्हणजे सर्वेक्षणातून सुटलेले, ड म्हणजे आसपासच्या खेड्यांतून येऊन शहरात विकणारे. क आणि ड ला नगरपरिषदेचं शिफारसपत्र लागतं.

जुन्या सर्वेक्षणातली नावं तपासली तर मंडईतल्या पक्क्या ओट्यांवरचेच बहुतेक. आठवडी बाजारात जमिनीवर पोतं टाकून बसणारे जवळपास सगळे क आणि ड मध्ये गेले. म्हणजे ज्यांची सर्वांत जास्त ओढाताण, त्यांच्याकडेच कागद नाही.

कागद होता, पण दुसरीकडे: बाजार फीची पावती. अंगठ्याएवढी पिवळी चिठ्ठी, त्यावर तारीख, रक्कम, पुस्तक क्रमांक. नाव नाही. विक्रेत्याकडे ती संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, कोथिंबिरीच्या पाण्यात भिजून जाते. पण ठेकेदाराकडे स्थळप्रती होत्या. फेब्रुवारी–मार्चची पुस्तकं मागवली. बाजाराच्या दिवशी वसुली करणारा माणूस ठरलेल्या वाटेने जातो, त्यामुळे पावत्यांचा क्रम म्हणजे बसण्याचा क्रम. ड्रॉइंग शीटवर बाजाराचा नकाशा काढला, वसुली करणाऱ्या दोघांना समोर बसवलं आणि पुस्तक उलटत गेलो. 'हा चपलवाला, ही लसूणवाली मावशी, हा बोर्डिंगच्या भिंतीचा कुलूपवाला.' आधी टोपणनावं लिहिली आणि मग उपजीविका अभियानाच्या समुदाय संघटकांनी वस्तीत जाऊन खरी नावं भरली. शेजारच्या दोन विक्रेत्यांच्या सह्या, बैठकीच्या जागेचा फोटो आणि स्वच्छता निरीक्षकाचा शेरा मिळून स्थानिक चौकशी अहवाल झाला. योजनेत शिफारसपत्रासाठी अशी चौकशी चालते. पत्राच्या मागणीचा निकाल १५ दिवसांत लावायचा असतो.

काय बिघडलं:

अर्ज भरून घ्यायचं पहिलं शिबिर नगरपरिषदेच्या सभागृहात, सकाळी अकराला ठेवलं. ती विक्रीची वेळ. खुर्च्या रिकाम्या. दुसरं मंडईच्या तोंडाशी, दुपारी दोन ते पाच. रांग लागली आणि अंतर पाळण्यासाठी टोकन द्यावे लागले.

आधारला जोडलेला मोबाइल चालू नाही, ही सर्वांत मोठी गळती. साधारण दर तिसरा अर्ज इथे थांबला. नंबर बदलायला तेव्हा ₹५० आणि आधार केंद्राची वेळ, आणि केंद्रं तेव्हा अर्धीच उघडी. एका केंद्रचालकाला शनिवारी मंडईत यंत्रासह बसवलं तेव्हा गाडी पुढे सरकली. शिबिराची जाहिरात करण्याआधी हे करायला हवं होतं.

ओटीपी वेगळीच अडचण. घरात फोन एक, तो मुलाकडे, मुलगा कामावर. टोकन देतानाच 'फोन सोबत आणा, चार्ज करून, रिचार्ज करून' असं सांगायला सुरुवात केली.

नोंद ६. सप्टेंबर–ऑक्टोबर: मंजूर आणि हातात यांतलं अंतर

अहवालात 'अर्ज भरले' हा आकडा झळकतो. तो बाजूला ठेवा. चार रकाने करा: भरले, मंजूर, खात्यात जमा, परत आले. आमच्या फळ्यावर पहिला आणि तिसरा रकाना यांत महिनाभर फार मोठी दरी होती.

परत येण्याची कारणं शाखेत बसून उतरवून घेतली. शाखा अर्जदाराच्या भागातली नाही. पूर्वीच्या बचत गटाच्या कर्जात नाव अडकलेलं. फोन लागत नाही. नावात 'बाई' एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. चारपैकी तीन कारणं आपल्याकडे सुटणारी आहेत. दर मंगळवारी शाखानिहाय परत आलेल्या अर्जांची यादी घेऊन एकाच माणसाने जायचं, असं ठरवलं. माणूस बदलला की व्यवस्थापक पुन्हा पहिल्यापासून विचारतो.

हप्त्याचा हिशेब फळ्यावर लिहून दाखवला. १२ टक्के दराने ₹१०,००० चे बारा हप्ते, दर महिना ₹८८८. वर्षाचं व्याज ₹६६२. त्यातले साधारण ₹३८६ अनुदानाने परत. बाजारात चालणारी रोजवारी, म्हणजे रोज फेडायची खासगी उधारी, अशी: हातात ₹९,०००, रोज ₹१००, शंभर दिवस. तिथे ₹१,००० तीन महिन्यांतच जातात. तरी लोक रोजवारी घेतात, कारण वसुलीवाला गाड्यावर येतो आणि ₹१०० जातात ते जाणवत नाही. महिन्याला एकदम ₹८८८ जाणवतात. म्हणून 'रोज ₹३० बाजूला' असंच सांगायचं, महिन्याचा आकडा सांगायचाच नाही. ते पैसे गोळा करायला संघटकांनी डबा फिरवायची कल्पना काढली होती; ती तिथेच थांबवली. दुसऱ्याच्या हप्त्याची रोकड कर्मचाऱ्याच्या हातात नको.

डिजिटल व्यवहार करणाऱ्या कर्जदारांना योजनेत तेव्हा जो कॅशबॅक होता, त्यात एक बारीक अट होती. महिन्याला ५० व्यवहारांना ₹५०, १०० ला ₹७५, २०० ला ₹१००. पण व्यवहार किमान ₹२५ चा हवा होता. ₹१० चा चहा कितीही वेळा क्यूआरने घेतला तरी मोजला जात नव्हता. चहा आणि वडापाववाल्यांना आम्ही आधी 'शंभर रुपये मिळतील' असं सांगून बसलो होतो. त्यांनी पुढच्या महिन्यात येऊन बरोबर जाब विचारला.

नोंद ७. नोव्हेंबर ते फेब्रुवारी: वसुली आणि पुढचा अर्थसंकल्प

दिवाळीनंतर करवसुली सुरू केली. सगळ्यांचा एकच प्रश्न: महापालिकांसारखी अभय योजना (थकबाकीवरचा दंड माफ करणारी) का नाही? थकबाकीवर महिना २ टक्के शास्ती (दंड) लागते आणि नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात ती माफ करायची सोयच तेव्हा नव्हती. ठराव करून पाठवता येतो, लागू करता येत नाही. (नंतर जोडलेली ओळ: कायद्यात बदल करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला.) काउंटरवरच्या लिपिकाला हे दोन वाक्यांत लिहून दिलं, नाहीतर प्रत्येक खिडकीवर वेगळं उत्तर जात होतं.

चाललं ते हे: मोठ्या थकबाकीदारांची यादी उतरत्या क्रमाने लावली आणि वरच्या शंभरांकडे आधी गेलो. त्यांत दुकानदार आणि मंगल कार्यालयं होती. मंगल कार्यालयांचा हंगाम बुडाला होता; त्यांना जप्तीची नोटीस काढून काही हाती लागलं नसतं. त्यांच्याकडून पुढच्या तारखांचे धनादेश घेतले. त्याउलट काही मालमत्ता सरकारी कार्यालयांच्याच होत्या आणि तिथे पैसा होता, फक्त मागणीपत्र योग्य टेबलावर गेलं नव्हतं. ती वसुली सर्वांत स्वस्तात झाली.

पंधराव्या वित्त आयोगाचा त्या वर्षीचा निधी निम्मा बंधित, निम्मा अबंधित होता. बंधित भाग पाणी आणि घनकचऱ्यासाठी. अबंधितमधून पगार व आस्थापना खर्च भागवता येत नाही, हे सभेत तीनदा वाचून दाखवावं लागलं. पंपगृहाचा उरलेला कपॅसिटर पॅनेल बंधितमध्ये बसवला आणि तेवढी रक्कम नगरपरिषदेच्या स्वतःच्या निधीत मोकळी झाली. दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे ५ टक्के मात्र कुठेही वळवले नाहीत. तशी सूचना आली होती. टिपणीवर 'अनुज्ञेय नाही' लिहून परत केली.

नोंद ८. एप्रिल २०२१: यादी पुन्हा उघडली

दुसरी लाट आली. १४ एप्रिलपासून पुन्हा निर्बंध, आणि आदल्या दिवशी राज्याने नोंदणीकृत फेरीवाल्यांना ₹१,५०० जाहीर केले. शिवभोजन थाळी ₹५ वरून मोफत झाली. थाळी केंद्रांची अडचण नव्हती, फक्त पार्सलचे डबे कमी पडले.

फेरीवाल्यांची यादी तयार होती: नाव, टोपणनाव, बसण्याची जागा, मोबाइल, आधार पडताळणी, कर्जाची स्थिती. खाते क्रमांकाचा रकाना नव्हता. कर्ज थेट बँकेतून जमा होत असल्याने तो आपल्याला लागणार नाही असं जुलैत गृहीत धरलं होतं. फोन करून पासबुकचे फोटो मागवायला नऊ दिवस गेले. त्यातही आयएफएससी चुकीचे, कारण विलीन झालेल्या बँकांचे जुने कोड पासबुकवर तसेच होते. ज्यांनी कर्जच घेतलं नव्हतं, पण पावतीवरून यादीत आले होते, त्यांची नावं नोंदणीत बसवायला वेगळा खटाटोप.

यादी करणाऱ्यांसाठी आमचे सध्याचे रकाने: टोपणनाव, आधारवरचं नाव, पासबुकवरचं नाव (तिन्ही वेगळी लिहा), बसण्याची जागा नकाशावरच्या क्रमांकाने, स्वतःचा मोबाइल की दुसऱ्याचा, आधारला जोडलेला मोबाइल, खाते क्रमांक, विलीनीकरणानंतरचा आयएफएससी, शेवटची पावती कोणत्या पुस्तकातली. पावती पुस्तकांवर आता बैठक क्रमांक छापून घेतो. छपाईचा खर्च वाढलेला नाही, नुसता एक रकाना वाढला.